झोळीला चार खांदे लागतात

(दिवाळीपूर्वी नसरापूर येथे झालेल्या कार्यकर्ते, हितचिंतक आणि वस्त्यांवरील प्रतिनिधी यांच्या मेळाव्यात आपल्या एका बालवाडी शिक्षिकेने केलेलं भाषण.)



मला बोलायला विषय दिला आहे, 'एकमेकांच्या सोबतीतून मिळणारं बळ'. विषय मोठा आहे आणि मी बालवाडीची बाई आहे. पोरांना शिकवताना मी आधी वस्तू हातात देते आणि मग तिचं नाव सांगते. इथेही तसंच करते. आजची वस्तू आहे झोळी.

वस्तीवरच्या मंडळींना झोळी समजावून सांगायला नको. पाहुण्यांसाठी सांगते. आमच्या डोंगरातल्या ज्या वस्त्यांपर्यंत गाडी जात नाही, तिथून आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला रस्त्यापर्यंत आणायचं तर एक जाड बांबू घेतात. घोंगडी नाहीतर मजबूत चादर त्याच्या दोन्ही टोकांना बांधतात, माणसाला आत निजवतात आणि बांबू खांद्यावर घेतात. उचलणारे दोघं असतात, एक पुढे आणि एक मागे. पण दोघांच्याने झोळी खाली पोहोचत नाही. उतारावर पुढच्याच्या गुडघ्यांवर भार येतो, चढावर मागच्याचा दम निघतो. थोड्या थोड्या अंतराने खांदा बदलावा लागतो. म्हणून आणखी दोघं बाजूने रिकामे चालतात, आणि बदल असा करतात की झोळी जमिनीला टेकत नाही. रात्र असली तर पाचवा माणूस बॅटरी घेऊन पुढे होतो.

झोळीचं कौतुक करायला मी उभी नाही. रस्ता झाला पाहिजे, ही मागणी आपण लावून धरलेली आहे आणि ती सोडायची नाही. पण रस्ता होईपर्यंत माणसं माणसांना जगवतात ती कशी, हे पाहण्यासारखं आहे. त्यात मला सर्वांत जास्त शिकवतात ते रिकामे चालणारे दोघं. त्यांच्या खांद्यावर त्या घडीला काहीच नसतं. तरी ते आहेत म्हणूनच उचलणाऱ्यांच्या पायांत जोर असतो. 'आता माझ्याने होत नाही' असं म्हणायची मुभा ज्याला असते, तोच पुढची दहा पावलं टाकू शकतो.

शुभवर्तमानातली पक्षाघाती माणसाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. कफर्णहूम गावात प्रभू एका घरी शिकवत होता. दारात इतकी गर्दी की आत शिरायला वाट नाही. चौघं जण एका लुळ्या माणसाला उचलून घेऊन आले. दार अडलं म्हणून ते परत फिरले नाहीत. छपरावर चढले, छप्पर उसकटलं आणि बाजेसकट त्याला खाली सोडलं. ही गोष्ट सांगताना आपण बरं होण्याच्या चमत्काराजवळ थांबतो. पण त्या वृत्तांतात प्रभूने विश्वास पाहिला तो त्या उचलून आणणाऱ्यांचा. आजाऱ्याच्या अंगात त्या दिवशी उठायचं बळ नव्हतं, कदाचित आशा धरायचंही नव्हतं. चौघांनी आपली आशा त्याच्या वतीने धरली. त्या चौघांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. सेवेच्या कामाला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आता ही गोष्ट आपल्या वस्त्यांवर आणून ठेवू या.

महाराष्ट्रात तीन आदिवासी जमाती शासनाने विशेष असुरक्षित म्हणून धरल्या आहेत. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यातले कातकरी आपले शेजारी आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल कायद्यांनी तो धंदा गेला. मग कोळसा पाडणं, मासे-खेकडे धरणं, दुसऱ्याच्या शेतावर मजुरी आणि आता वीटभट्टी. पावसाळा सरत आला की मुकादम वस्तीवर येतो आणि उचल देतो. आजारपण, लग्न, सण, जुनी उधारी, यासाठी पैसे लागलेलेच असतात. नवरा-बायकोची जोडी धरून हिशेब होतो, आणि दिवाळीनंतर जोडी पोरांसकट भट्टीवर जाते ती पुढच्या पावसापर्यंत. विटा किती पाडल्या आणि उचल किती फिटली हे लिहिणारी वही मालकाकडे असते. वेठबिगारी पद्धत देशात १९७६ च्या कायद्याने बंद झाली. त्या कायद्याने असं बांधून ठेवणारं कर्जही रद्द ठरवलं आहे. पण एकट्या जोडीला भट्टीवर हा कायदा कोण सांगणार? सांगितला तरी तो उच्चारायची हिंमत एकट्याला कुठून येणार?

इथे हिंमत हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आपल्याकडे म्हणतात की हे लोक भित्रे आहेत, साहेबासमोर तोंड उघडत नाहीत. मी वर्षानुवर्षं वस्त्यांवर जाते. रात्री पुराच्या पाण्यात उतरून खेकडे धरणारा माणूस भित्रा नसतो. तो कचेरीत गप्प बसतो, कारण तिथे तो एकटा असतो. जातीचा दाखला काढायला गेला की त्याच्याकडे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याच्या आजोबांनी शाळा पाहिली नाही, त्याने शाळेचा जुना दाखला कुठून आणायचा? एकट्याला 'उद्या या' म्हणून परत पाठवणं सोपं असतं. तेच वस्तीवरची पंधरा माणसं, गावातले दोन जाणते आणि आपला एक कार्यकर्ता मिळून गेले की 'उद्या या' ऐवजी 'बसा' ऐकू येतं. चौकशीला माणूस वस्तीवर येतो. कायदा तोच, कचेरी तीच. सोबत असली म्हणजे माणसाचा आवाज त्याला परत मिळतो.

याची मोठी साक्ष आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात, तलासरीजवळ झरी गावी, वारली आदिवासी हजारोंनी जमले. जमीनदाराकडे फुकट राबायचं, लग्नासाठी कर्ज घेतलं तर नवरा-बायकोने आयुष्यभर त्याच्याकडे गडी म्हणून राहायचं, अशी तिथली रीत होती. त्या सभेनंतर वारल्यांनी वेठ बंद केली. त्यांच्यात जाऊन राहिलेल्या गोदावरी परुळेकर या पुण्यातल्या, वकिलीचं शिक्षण घेतलेल्या बाई. पुढे त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो अनुभव लिहिला आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची विचारसरणी साम्यवादी होती, आपली वाट प्रार्थनेची आहे. तरी त्यांच्याकडून शिकायला मला संकोच वाटत नाही. वेठीला नाही म्हणायची इच्छा वारल्यांना त्याआधीही होतीच. पण एकटा नाही म्हणाला की मार खायचा. सगळे एकदम नाही म्हणाले, तेव्हा मारायला हात पुरेनात. याची किंमतही त्यांनी मोजली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती गेले. वारल्यांची एकजूट त्यानंतरही मोडली नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यातलं आहे. उत्तरेला आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगरात महादेव कोळी समाज राहतो. तिथे 'पडकई' नावाची जुनी चाल आहे. डोंगराचा उतार फोडून, दगडांचे बांध घालून, भाताची खाचरं करायची. हे काम एका घराच्या आवाक्यातलं नाही. म्हणून काही घरं एकत्र येतात, आज एकाच्या उतारावर, उद्या दुसऱ्याच्या. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि चांगली जमीन पाण्याखाली गेली, तेव्हा उरला तो उतारच. 'शाश्वत' या संस्थेच्या कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी तिथल्या लोकांबरोबर पडकईला पुन्हा बळ दिलं. धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर पीक घेणं आणि जलाशयातली मासेमारी धरणग्रस्तांच्या सहकारी संस्थेकडे असणं, अशीही कामं झाली. पुढे राज्य शासनाने पडकईसाठी योजना आणली आणि २०१२ मध्ये 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला त्यातली पुरस्काराहून मोठी वाटते ती संस्थेची नजर. लोकांकडे जे आधीपासून होतं, ते तिने ओळखलं. बाहेरून सोबत करायला जाणाऱ्याने आधी हे पाहायचं असतं, की इथे एकमेकांचा भार उचलायची रीत कोणती आहे. आपल्याकडेही इर्जिक होती, सावड होती. ती अजून पुरती मेलेली नाही.

आता आपल्या भागातल्या एका वस्तीबद्दल सांगते. गावाचं नाव घेत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे.

सतरा घरांची कातकरी वस्ती. घरं आणि मागची नाचणी-वरीची थोडी जमीन वन खात्याच्या हद्दीत. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून तिथे राहणाऱ्या-कसणाऱ्या आदिवासींना दावा करता येतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. आणि त्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात, असा नियम आहे. आता पाहा, वस्ती सतरा घरांची आणि गाव त्याच्या कितीतरी पट मोठं. म्हणजे कातकऱ्यांचा हक्क मिळायचा तर गावातल्या मराठा, धनगर, बौद्ध अशा सगळ्या घरांतल्या माणसांनी आणि बायांनी आपलं काम टाकून सभेला येऊन बसायला हवं. पहिल्या दोन सभा माणसंच न जमल्यामुळे तहकूब झाल्या.

तिसऱ्या सभेआधी वस्तीवरच्या बायांनी ठरवलं, आपणच घरोघर जायचं. मी बरोबर होते, पण बोलत त्या होत्या. एका दारात घरधनीण म्हणाली, "सभेत आमचं काय काम गं? ते गडीमाणसांचं." वस्तीवरची बाई ओटीखाली उभी होती. ती म्हणाली, "काकी, लावणीला तुमच्या खाचरात मी तुमच्या शेजारी वाकून असते. सभेला तुम्ही माझ्या शेजारी बसा, एवढंच." काकी काही बोलल्या नाहीत. सभेच्या दिवशी मात्र त्या आल्या, आणि येताना आपल्या आळीतल्या नऊ बायांना घेऊन आल्या. त्या दिवशी सभा भरली.

नंतर पुराव्याचा प्रश्न आला. सतरा घरांपैकी बहुतेकांकडे जुना कागद नाही. पण या कायद्याच्या नियमांत एक फार सुंदर गोष्ट आहे. पुराव्यांच्या यादीत, दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्या माणसाने दिलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदन, हाही एक पुरावा धरला आहे. म्हणजे माझा हक्क तुझ्या तोंडून सिद्ध होऊ शकतो. शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी दिलेल्या शब्दाला सरकारी कागदावर जागा आहे.

असा शब्द देणारा कोण, तर गावातले एक आबा, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या भावकीने त्यांना सांगितलं, "तुम्ही यात पडू नका. आज त्यांना लिहून दिलं तर उद्या आपली गुरं चरायची जागा जाईल." ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. गुरं असणाऱ्याला चराईची काळजी असतेच. आबांनी ती ऐकून घेतली, आणि मग काठी टेकत सभेत उभे राहिले. म्हणाले, "मी पोर होतो तेव्हा ही खोपटं तिथंच होती. माझ्या बानं यांच्या म्हाताऱ्याकडनं कोळसा घेतलेला मला आठवतो. खरं ते सांगितलं. आता चराईचं काय करायचं, ते बसून ठरवू." त्या दिवसानंतर त्यांच्या घरी भावकीतल्या काही जणांचं येणं-जाणं बंद झालं. एका लग्नाचं बोलावणं आलं नाही. वस्तीवरच्या बायांना ते कळलं. त्यांनी भाषण केलं नाही की सत्कार ठेवला नाही. त्या वर्षी आबांच्या खाचराची लावणी वस्तीने केली, आपला दुसरा खाडा करून, सगळ्यांच्या आधी.

दावा अजून वरच्या समितीकडे आहे. सही झालेली नाही. खोटी आशा मी कुणाला दाखवत नाही. पण घरं जागेवर आहेत, आणि चराईबद्दल गाव आणि वस्ती एकत्र बसून बोलले, हेही त्या गावात नवीन होतं. वस्तीवरची एक बाई मला म्हणाली, "कागद येईल तेव्हा येईल. पण आता त्या गावातनं जाताना मान खाली घालावी लागत नाही." बळ म्हणतात ते यालाच.

आतापर्यंत मी वस्तीला बळ कसं मिळालं ते सांगितलं. पण विषयाची दुसरी बाजूही आहे. सोबत करणाऱ्याला काय मिळतं?

याचं उत्तर द्यायला पंडिता रमाबाईंपेक्षा मोठी व्यक्ती मला दिसत नाही, आणि त्याही आपल्या जिल्ह्याच्या. १८७४ पासूनच्या दुष्काळाच्या वर्षांत, पायी तीर्थयात्रा करत फिरताना, उपासमारीने त्यांचे वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले. असं एकामागून एक नुकसान माणसाला आत ओढून घेतं. घराचं दार लावून बसलं तर कुणी दोष देणार नाही. रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन उघडलं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. त्या मुलींच्या पोटातली भूक त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्वतःची भूक त्यांनी विसरायचा प्रयत्न केला नाही, तिचा उपयोग केला. आणि शारदा सदनात आधी आसरा मिळालेल्या बायका या नव्या मुलींना सांभाळायला पुढे झाल्या. काल जिला उचलून आणली, ती आज दुसरीला उचलते आहे. मला वाटतं, दुःखाला अर्थ लाभतो तो असा. दुःख का आलं याचं उत्तर बहुधा मिळत नाही. ते कुणाच्या कामी आलं, एवढं सांगता येतं.

माझ्यापुरतं एकच सांगते. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, माझे पती गेले. नातेवाइकांना येता येईना. फोन यायचे, पण घर रिकामंच. बंधनं थोडी सैल झाल्यावर एका सकाळी वस्तीवरच्या सहा बाया चालत माझ्या दारात आल्या. अंगणात लांब लांब बसल्या. सांत्वनाचं कुणी बोललं नाही. एकीने फडक्यात बांधून खेकडे आणले होते, एकीने रानभाजी. तासभर बसल्या आणि उठताना त्यांच्यातली थोरली म्हणाली, "बाई, पोरं विचारत्यात, शाळा कवा." मी वीस वर्षं त्यांना काहीतरी देते आहे असं मला वाटायचं. त्या दिवशी माझी झोळी त्यांच्या खांद्यावर होती. पुढच्या आठवड्यात मी झाडाखाली पोरं बसवली, अंतर ठेवून. उठण्याचं कारण मला त्यांनी दिलं होतं.

म्हणून पाहुण्यांना एक विनंती आहे, राग मानू नये. आपण ब्लँकेटं पाठवता, वह्या पाठवता, त्यांची गरज आहे आणि आम्ही आभारी आहोत. पण घेणाऱ्याचा हात कायम खाली आणि देणाऱ्याचा कायम वर राहिला तर दोघांनाही बळ मिळत नाही. वर्षातून एकदा तरी वस्तीवर या, आणि काही न वाटता या. त्यांच्या घरची नाचणीची भाकरी खा. त्यांच्याकडून काहीतरी शिका, मग ती रानभाजी ओळखणं का असेना. मग तुमच्या देणगीला ओळख मिळेल.

आणि सोबत म्हणजे सगळं गोडीगुलाबीचं असतं असंही कुणी समजू नये. वस्त्यांवर भांडणं आहेत, दारू आहे. बचत गटातून बाया निघून जातात. 'यंदा भट्टीवर कुणीच मुकाट उचल घ्यायची नाही, आधी हिशेब ठरवायचा' असं सगळ्यांनी मिळून म्हटलं, तरी रात्री एखादा गुपचूप उचल घेतो. तो असं का करतो, तर त्याच्या घरी ताप आलेलं मूल असतं. त्याला फितूर म्हणण्याआधी त्या तापाच्या औषधाचे पैसे गटातून का निघाले नाहीत, हे विचारायला हवं. एकजूट शपथेने टिकत नाही. ती टिकते अडल्या वेळी कुणाकडे जाता येईल या भरवशावर. म्हणून महिन्याला दहा-वीस रुपयांचा का होईना, आजारपणाचा वेगळा डबा प्रत्येक वस्तीवर असावा असा माझा आग्रह आहे. चार वस्त्यांवर तो सुरू झाला आहे.

आता शेवटचं, आणि आज इथून ठरवून जायचं ते.

दिवाळी तोंडावर आहे. पुढच्या काही आठवड्यांत वस्त्या रिकाम्या होतील. मागच्या हंगामात माझ्या बालवाडीतली आणि शाळेतली अकरा मुलं आई-बापांबरोबर भट्टीवर गेली. परत आली तेव्हा दोघांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, आणि जाताना येत होतं. यंदा एका वस्तीवरच्या तीन आज्यांनी आणि दोन आयांनी सांगितलं आहे, जाणाऱ्यांनी पोरं इथे ठेवावीत, आम्ही सांभाळू. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिच्यासाठी शाळेमार्फत अर्ज गेला आहे. मंजुरी वेळेवर येईल किंवा उशिरा येईल. तोवर चूल पेटली पाहिजे. त्या बायांना धान्य लागेल, रात्री सोबतीला एक माणूस लागेल, आणि पोरांना आठवड्यातून एकदा आईशी फोनवर बोलता येईल अशी सोय लागेल. ज्या जोड्या भट्टीवर जातील त्यांना प्रत्येकी एक वही द्यायची आहे, विटांचा हिशेब स्वतः ठेवायला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रेघा ओढाव्यात, रेघाही हिशेबच असतो.

बाहेर मांडवात एक कागद ठेवला आहे. त्यावर पैशाचा रकाना शेवटी आहे. पहिला रकाना आहे, 'मी कोणत्या रात्री सोबतीला येईन'. दुसरा, 'मी कोणत्या दिवशी कचेरीत बरोबर येईन'. तिसरा, 'मी महिन्यातून एकदा भट्टीवर जाऊन माणसांना भेटेन'. वस्तीवरच्या माणसांनीही तो भरायचा आहे, फक्त पाहुण्यांनी नव्हे. ज्याला लिहिता येत नाही त्याचं नाव मी लिहीन.

जेवायला बसण्याआधी तेवढं करू या. प्रभू आपल्या सर्वांना एकमेकांचं ओझं ओळखण्याची बुद्धी देवो. नमस्कार.